फॅरडेचं इंग्रजी

थर्ड इयरला गेलं की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक नवी वही उघडली जाते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘व्हर्बल’. दुसऱ्या पानावर बारा काळांचा तक्ता. तिसऱ्या पानावर ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कुठे लावायचे त्याचे नियम. चौथ्या पानापासून वही कोरी. पुढच्या वर्षी तीच वही ज्युनियरकडे जाते आणि तो ती उलटी करून मागच्या पानांवर फ्लुइड मेकॅनिक्सची गणितं सोडवतो.

मित्रांनो, हसण्यावारी नेऊ नका. गणिताच्या भागात आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. आगगाडी आणि बोगदा, टाकी आणि नळ, मजूर आणि दिवस, सगळं पटापट सुटतं. पण समोर अर्ध्या पानाचा इंग्रजी उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न आले की घड्याळ पळायला लागतं. कंपनीची ॲप्टिट्यूड असो, गेटमधला जनरल ॲप्टिट्यूडचा १५ मार्कांचा भाग असो, नाहीतर बाहेर जायचं म्हणून दिलेली जीआरई असो, इंग्रजी कुठेच पाठ सोडत नाही. आणि खरं दुःख वेगळंच आहे. ब्रेडबोर्डवर सर्किट लावण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही, असा मुलगा एखाद्या कंपनीच्या टेस्टमध्ये व्हर्बल आहे एवढ्यावरून नावच देत नाही. टेस्ट देऊन नापास झाला असता तर निदान कळलं तरी असतं की कुठे कमी पडलो.

यामागे एक समजूत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना वाटतं की इंग्रजी जन्मानं येतं. ज्यांच्या घरी बोलतात त्यांना आलं, आपल्या घरी नाही म्हणून आपल्याला नाही आलं, विषय संपला. ही समजूत मोडायला मला लायब्ररीत एक माणूस सापडला. तो लंडनमध्ये वाढला, त्याची मातृभाषा इंग्रजी, त्याच्या गल्लीतली कुत्री-मांजरंही इंग्रजीच ऐकून मोठी झाली. तरीही विशी ओलांडल्यावर त्याला इंग्रजी व्याकरण अगदी पायापासून शिकावं लागलं, आणि त्यानं ते वर्षानुवर्षं, दर आठवड्याला वेळ काढून शिकलं. त्याचं नाव मायकेल फॅरडे. मशीन्सच्या लॅबमध्ये ज्याच्या नियमावर ओरलला पहिला प्रश्न येतो, तोच हा.

पुढे मी फॅरडेला एकेरीत संबोधणार आहे. तुकोबाला आपण अरे-तुरे करतो त्यात अनादर नसतो, तसंच हे समजा.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स इथला. वडील जेम्स हे लोहार. तब्येतीनं कायम खचलेले, त्यामुळे काम कमी आणि पैसा त्याहून कमी. पुढे हे कुटुंब एका तबेल्याच्या वरच्या खोल्यांत राहत होतं. १८०१ साली धान्य फार महागलं, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो त्याला सात दिवस पुरवायला लागायचा. आपल्या मेसच्या भाजीला नावं ठेवताना मला हल्ली हा पाव आठवतो.

शाळा म्हणाल तर वाचणं, लिहिणं आणि हिशेब, बस्स. तीही फार टिकली नाही. एक गोष्ट त्याच्या चरित्रांत सांगितली जाते. लहानपणी त्याला ‘र’ म्हणता येत नसे. थोरल्या भावाचं नाव रॉबर्ट, त्याला तो ‘वॉबर्ट’ म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी हे मारून सुधारायचं ठरवलं आणि छडी आणायला पैसे दिले ते नेमके रॉबर्टच्याच हातात. रॉबर्टनं नाणं भिंतीपलीकडे फेकलं आणि सरळ घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं दोघांनाही त्या शाळेतून काढलं. म्हणजे पुढे ज्याच्या व्याख्यानाला अख्खं लंडन गर्दी करणार होतं, त्याच्या इंग्रजीचा श्रीगणेशा हा असा झाला.

१८०४ साली, तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर वर्तमानपत्रं गिऱ्हाइकांकडे वाचायला द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची. एक वर्षानं रिबोनं त्याला पुस्तकबांधणी शिकायला सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवलं आणि त्याबद्दल फी घेतली नाही. इथे फॅरडेचं नशीब उघडलं. कारण बांधायला आलेली पुस्तकं तो नुसती शिवत नव्हता, वाचतही होता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याला असाच हाती लागला. जेन मार्सेट या बाईंनी संवादाच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही असंच. वाचलेलं खरं की खोटं हे बघायला तो परवडतील तेवढे प्रयोगही स्वतः करायचा.

इथेच त्याला आयझॅक वॉट्स यांचं मन सुधारण्यावरचं एक पुस्तक भेटलं. हे १७४१ सालचं, म्हणजे त्याच्याही जन्माआधी पन्नास वर्षांचं. ज्ञान मिळवायचे पाच मार्ग त्यात सांगितले होते: निरीक्षण, वाचन, व्याख्यान ऐकणं, चर्चा आणि मनन. आपण असले सल्ले वाचतो, खाली रेघ मारतो आणि झोपतो. फॅरडेनं ते वेळापत्रकासारखे अमलात आणले. त्यानं एक टिपणवही काढली आणि वाचलेल्यातलं जे महत्त्वाचं वाटेल ते तीत उतरवायला सुरुवात केली. उताऱ्यातलं मुख्य काय, फालतू काय, लेखक म्हणतो ते कशावरून, हे सगळं ती वही लिहिताना ठरवावंच लागतं. आपण ज्याला कॉम्प्रिहेन्शन म्हणतो ते दुसरं काय असतं?

मग व्याख्यानं. जॉन टेटम नावाचे गृहस्थ डॉर्सेट स्ट्रीटवर आपल्या घरी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. दर व्याख्यानाला एक शिलिंग. शिकाऊ पोराकडे एवढे पैसे कुठले? ते दिले भाऊ रॉबर्टनं, जो स्वतः लोहारकाम करत होता. १८१० पासून पुढे फॅरडे डझनभर व्याख्यानांना गेला. तिथे कच्च्या नोट्स घ्यायच्या, घरी येऊन पक्क्या लिहायच्या, उपकरणांच्या आकृत्या काढायच्या आणि शेवटी स्वतःच बाइंडिंग करायचं. आकृत्या नीट याव्यात म्हणून रिबोच्या घरात राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून त्यानं पर्स्पेक्टिव्ह शिकून घेतलं. आपण ज्याची झेरॉक्स काढतो त्याचं तो पुस्तक करत होता. याच टेटमच्या घरी भरणाऱ्या सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याला दोन मित्र मिळाले, एक बेंजामिन ॲबट आणि दुसरा एडवर्ड मॅग्राथ. ही दोन नावं लक्षात ठेवा.

ॲबट कारकून होता आणि फॅरडेपेक्षा बरंच जास्त शिकलेला होता. जुलै १८१२ मध्ये फॅरडेनं त्याला पत्रं लिहायला सुरुवात केली. दोघंही लंडनमध्येच, भेटतही होते, मग पत्रं कशाला? तर लिहिण्याचा सराव म्हणून. फॅरडेला आपलं दुखणं नेमकं माहीत होतं. डोक्यात विचार असायचे, पण कागदावर येताना त्यांची रांग मोडायची. शुद्धलेखन कच्चं, व्याकरण कच्चं, आणि विरामचिन्हांशी तर जवळजवळ ओळखच नव्हती. मग त्यानं प्रयोग केला तो असा, की पत्रात एखादा प्रयोग किंवा एखादी शंका घ्यायची आणि समोरच्याला समजेल इतकी नीट मांडायची. ॲबटला कळलं नाही तर दोष आपल्या वाक्याचा.

त्याच वर्षी त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. रिबोच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरडेनं नेहमीप्रमाणे नोट्स घेतल्या, विस्तारानं लिहून काढल्या, आकृत्या जोडल्या आणि तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक बांधलं. ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली. विज्ञानात कुठलंही काम द्या म्हणून त्यानं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना अर्ज केला, त्याला उत्तरच आलं नाही. मग डिसेंबरमध्ये त्यानं ते बांधलेलं पुस्तक डेव्हींना पाठवलं. डेव्हींनी बोलावून घेतलं. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, राहायला माडीवरच्या दोन खोल्या, वर कोळसा आणि मेणबत्त्या.

इंटरव्ह्यू, रिझ्युमे, ग्रुप डिस्कशन यांतलं तेव्हा काहीही नव्हतं. त्याची सारी परीक्षा त्या एका नोट्सच्या पुस्तकावर झाली. दुसऱ्याचं ऐकलेलं आपल्याला कळलंय आणि ते आपल्याला लिहिता येतंय, एवढंच त्यात दिसत होतं. तेवढं पुरलं.

दुसरा कुणी असता तर नोकरी लागल्यावर सुटलो म्हणाला असता. फॅरडेचा इंग्रजीचा खरा अभ्यास नोकरी लागल्यावर सुरू झाला. १८१३ च्याच वसंतात त्यानं आणि मॅग्राथनं मिळून एक मंडळ काढलं. जेमतेम पाच-सहा जण, बहुतेक सगळे सोसायटीतले, दिवसभर कुठे ना कुठे राबणारे. संध्याकाळी कधी फॅरडेच्या माडीवरच्या खोलीत, कधी मॅग्राथच्या वखारीत जमायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. उच्चार चुकला, थांबवा. वाक्याची रचना लंगडी झाली, थांबवा. कुणी कुणाची भीड ठेवायची नाही आणि कुणी राग मानायचा नाही. हे काही वर्षं चाललं. याशिवाय मॅग्राथ त्याला आठवड्यातून दोन तास व्याकरण, शुद्धलेखन आणि विरामचिन्हं शिकवायचा. किती दिवस? सुमारे सात वर्षं! आपण सात दिवसांत व्हर्बल उरकायला निघतो.

मधे दीड वर्ष खंड पडला. ऑक्टोबर १८१३ ते एप्रिल १८१५ डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि फॅरडेला बरोबर नेलं. निघताना डेव्हींच्या खासगी नोकरानं यायला नकार दिला, म्हणून ते कामही तात्पुरतं फॅरडेवर आलं आणि ते तात्पुरतं शेवटपर्यंत राहिलं. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवत. ॲम्पियर, व्होल्टा अशा मोठ्या माणसांना तो याच दौऱ्यात पाहत होता, आणि दुसऱ्या बाजूला बॅगा मोजत होता. परत फिरावं असं त्याला अनेकदा वाटलं, तसं त्यानं ॲबटला कळवलंही. पण फिरला नाही. त्याऐवजी त्यानं वाटेत फ्रेंच आणि इटालियन शिकून घेतलं.

मला वाटतं, व्याकरणाचा त्याचा ध्यास या दौऱ्याच्या उजेडात नीट समजतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणसानं तोंड उघडलं की तो कुठल्या गल्लीतला, कुठल्या शाळेतला, हे लगेच कळायचं. लोहाराच्या पोरानं कितीही चांगला प्रयोग केला तरी तो सभ्य लोकांच्या सभेत मांडणार कोणत्या भाषेत? वर्गाची ही भिंत तो एकटा पाडू शकत नव्हता. तिच्यातला दरवाजा मात्र भाषेचा होता आणि तो उघडण्याची किल्ली घासून घासून करणं त्याच्या हातात होतं. आपल्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या सेमला वर्गात शंका विचारायला हात वर जात नाही, त्याचं कारण शंका नसते असं थोडंच आहे?

१८१६ साली त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला, टस्कनीतल्या एका चुन्याच्या पृथक्करणावरचा. त्याच वर्षी त्यानं सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत स्वतः व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. १८१८ मध्ये मित्रांनी मिळून निबंधांची एक सामायिक वही सुरू केली. प्रत्येकानं लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं. त्याच वर्षी बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाच्या व्याख्यानमालेला तो गेला आणि तिच्याही भरगच्च नोट्स काढल्या. व्याख्यान कसं असावं यावर त्यानं ॲबटला १८१३ मध्येच लांबलचक पत्रं लिहिली होती: खोलीत हवा कशी हवी, उपकरणं कुठे मांडावीत, श्रोत्यांचं लक्ष कधी उडतं, तासापेक्षा जास्त का बोलू नये. पुढे तो स्वतः मोठा वक्ता झाला तेव्हाही मॅग्राथ समोर बसून चुका टिपायचा. घाईनं बोलायची सवय मोडावी म्हणून ‘सावकाश’ असं लिहिलेलं कार्ड फॅरडेच्या समोर ठेवलेलं असे आणि तास संपत आला की ‘वेळ’ लिहिलेलं दुसरं कार्ड पुढे यायचं. मान्यवर झाल्यावरही असं कार्ड समोर ठेवून घेणारा माणूस मला तरी विलक्षण वाटतो.

आता या सगळ्याचा विज्ञानाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सांगतो.

१८२० मध्ये अर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. झालं, सगळ्या युरोपात निबंधांचा पाऊस पडला. कोण काय म्हणतंय, कोण कुणाला खोडतंय, काही पत्ता लागेना. तेव्हा एका नियतकालिकाचे संपादक रिचर्ड फिलिप्स यांनी फॅरडेला सांगितलं, हे सगळं वाच आणि आजवर काय काय झालं त्याचा आढावा लिही. म्हणजे हा अवाढव्य उतारा आणि त्याखाली एकच प्रश्न: यात खरं काय? फॅरडेनं निबंध वाचले आणि नुसते वाचले नाहीत, त्यांतले प्रयोगही एकेक करून पाहिले. लेखक जिथे जिथे अंदाजानं बोलत होता आणि जिथे पाहिलेलं सांगत होता, त्या जागा त्यानं वेगळ्या काढल्या. असं वाचता वाचता त्याला जाणवलं की तारेभोवतीचं बल तारेला गोल गोल वेढून आहे. सप्टेंबर १८२१ च्या पहिल्या आठवड्यात त्यानं एका भांड्यात पारा घेतला, मधे चुंबक उभा केला, वरून तार लोंबती सोडली आणि वीज जोडली. तार चुंबकाभोवती फिरू लागली. बायकोचा धाकटा भाऊ जॉर्ज तिथेच होता. फॅरडे टेबलाभोवती अक्षरशः नाचला म्हणतात. विजेवर चालणाऱ्या मोटरची ही पहिली फिरकी. आज विंगमधला पंखा फिरतो त्याचं मूळ एका माणसानं मन लावून केलेल्या वाचनात आहे.

याच शोधावरून त्याला मनस्तापही झाला. डेव्ही आणि वोलॅस्टन हेही याच वाटेवर विचार करत होते आणि फॅरडेनं निबंध घाईनं छापताना वोलॅस्टन यांचा उल्लेख केला नव्हता. कल्पना चोरल्याची कुजबुज झाली. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला तो खुद्द डेव्हींच्या विरोधाला न जुमानता. छापलेल्या कागदावर काय लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं याला किती किंमत असते, हे तो तिथे शिकला. पुढे त्याच्या लिखाणात कुणाचं काय आणि आपलं काय, याचा हिशेब चोख दिसतो.

२९ ऑगस्ट १८३१. लोखंडी कडं, त्यावर दोन वेटोळी, एकीला बॅटरी, दुसरीला गॅल्व्हानोमीटर. बॅटरी जोडताना सुई हलली, तोडताना हलली, मधल्या वेळात गप्प. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे असं हाती आलं. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर हे सगळे त्याचेच वंशज. ते आपल्याला पाठ आहे. पण १८३४ ची एक गोष्ट आपल्या पुस्तकांत सहसा नसते. विद्युत-पृथक्करणाचे नियम मांडताना फॅरडे एका शब्दाशी अडला. तेव्हा द्रवात बुडवलेल्या टोकांना ‘पोल’ म्हणत. फॅरडेचं म्हणणं, या शब्दातच घोटाळा आहे. पोल म्हटलं की ते टोक कणांना ओढून घेतं असं वाचणारा आपोआप गृहीत धरतो, आणि तसं घडतच नाही. शब्द चुकीचा असेल तर विचारही चुकीच्या रुळावर जातो. मग त्यानं जाणकारांना विचारलं. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून ग्रीक भाषेच्या आधारानं नवीन शब्द पक्के केले. ॲनोड, कॅथोड, आयन, ॲनायन, कॅटायन हे ह्यूएल यांच्या मदतीनं आले. इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट हेही त्याच निबंधांतून जगभर गेले. ज्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते वीस वर्षांपूर्वी शिकावं लागलं होतं, त्यानं इंग्रजी भाषेला, आणि आता तर मराठीलाही, रोजच्या वापरातले शब्द दिले.

आणखी एक गंमत. फॅरडेला उच्च गणित येत नव्हतं. त्याच्या विजेवरच्या संशोधनाच्या ग्रंथात समीकरणं शोधून सापडत नाहीत. आपलं बरोबर उलटं. आपल्याला समीकरण येतं, ते सांगणारं वाक्य येत नाही. त्यानं सगळा भार वाक्यांवर टाकला. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, प्रत्येकात एक मुद्दा, मागच्याचा हवाला पुढच्यात. १८३२ पासून प्रयोगांच्या रोजनिशीतल्या नोंदींना दिलेले हे क्रमांक शेवटी १६,०४१ वर थांबले. आपल्या जर्नलच्या ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली आपण काय छापतो ते आठवा आणि गप्प बसा!

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी पुढे फॅरडेच्या कल्पनांना गणिताचं रूप दिलं. १८७३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नमूद केलं आहे की विजेचं गणित वाचण्याआधी त्यांनी फॅरडे पूर्ण वाचून काढला होता. आणि नोव्हेंबर १८५७ मध्ये ६६ वर्षांच्या फॅरडेनं २६ वर्षांच्या मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की गणितानं काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही तितक्याच नेमकेपणानं मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांनाही त्यावर प्रयोग करता येतील. हे विचारताना त्याला कमीपणा वाटला नाही.

लहान मुलांसाठीची रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळची व्याख्यानं त्यानं १८२७ पासून १८६०-६१ पर्यंत १९ वेळा दिली. मेणबत्तीवरची शेवटची मालिका १८६१ मध्ये पुस्तक झाली आणि जगातल्या अनेक भाषांत गेली. एक मेणबत्ती घेऊन ज्वलन, पाणी, हवा, श्वास इथवर नेणारं इतकं सरळ लेखन मी दुसरं वाचलेलं नाही. ज्यांना उतारे वाचायचा सराव हवा आहे त्यांनी गाइड बाजूला ठेवून हेच पुस्तक घ्यावं. रसायन येतं आणि इंग्रजीही येतं.

उतारवयात त्याची स्मरणशक्ती फार दगा देऊ लागली. त्याच्या वह्या तेव्हा त्याच्या उपयोगी पडल्या, कारण आठवणीवर विसंबायची सवय त्यानं कधी लावलीच नव्हती. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यानं नाकारलं, ‘सर’ ही पदवीही घेतली नाही. १८५८ पासून राणी व्हिक्टोरियानं दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरात तो राहिला आणि २५ ऑगस्ट १८६७ रोजी तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, शांतपणे गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याची साधी कबर आहे.

आता आपल्याकडे वळूया. फॅरडेला इंग्रजीचा पेपर कधी द्यावा लागला नाही. मार्कांसाठी त्यानं एकही काळ पाठ केला नाही. पण त्याच्या अभ्यासातून मी आमच्या विंगसाठी चार गोष्टी घेतल्या आहेत आणि त्या इथे मांडतो, पटल्या तर घ्या. पहिली, एकट्यानं व्याकरण सुधारत नाही, प्रत्येकाला एक मॅग्राथ लागतो. इंग्रजी बरं असलेल्या रूम पार्टनरला आठवड्यातून दोन तास मागून घ्या, बदल्यात त्याचे मॅथ्स थ्रीचे प्रॉब्लेम सोडवून द्या. दुसरी, उतारा वाचला की पर्याय बघण्याआधी तो काय म्हणतो ते दोन ओळींत लिहा. लिहिता आलं नाही तर कळलेला नाही. तिसरी, आठवड्याला एक पत्र, मेल म्हणा हवं तर, इंग्रजीत लिहा आणि त्यात आपल्याच विषयातली एक गोष्ट समजावून सांगा. चौथी सगळ्यांत अवघड: चूक दाखवणाऱ्याला हसू नका आणि चुकणाऱ्यालाही हसू नका. त्या पाच-सहा जणांची ती माडीवरची खोली टिकली ती याच नियमावर.

एक गोष्ट मात्र खरी की फॅरडेला सात वर्षं मिळाली, आपल्याला टेस्टपर्यंत जेमतेम काही महिने मिळतात. त्यामुळे पहिल्याच कंपनीत सगळं जमेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. एवढं नक्की सांगतो की नाव न देता बाहेर बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. बँक्सकडून उत्तर आलं नाही तरी फॅरडेनं डेव्हींना पुस्तक पाठवलंच. ते व्हर्बलच्या वहीचं चौथं पान अजून कोरं आहे. आज रात्री मेसनंतर, लाइट असेपर्यंत, ते भरायला घ्या.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी